दोन ठिकाणी विचारून सांगतो

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून झाला नव्हता, पण गेली नऊ वर्षं तो होणार होता. नाव सोपान, गाव बोरजाईवाडी. घरात तो, त्याची आई कोंडाबाई आणि एक मोटरसायकल. एकेचाळीस मुली बघून झाल्या होत्या. चाळिसांनी नाही म्हटलं आणि एकीनं तर तो पोहोचायच्या आधीच आतून कडी लावली.

बेचाळिसावी होती कुंदा. तालुक्याला औषधाच्या दुकानात कामाला. तिनं निरोप धाडला, "मी पोह्यांची ताटली घेऊन उभी राहणार नाही. फाट्यावर कॉफीचं दुकान झालंय, तिथं या. मामा असतील सोबत."

कोंडाबाई म्हणाली, "सोपाना, आता ही गेली तर दुसरी न्हाई रं बाबा. वाटंत कुनी शानं मानूस काय सांगंल ते ऐक."

"बरं," सोपान म्हणाला आणि गाडीला किक मारली.

वाटेत बांधावरून एक म्हातारबा ओरडले, "आरं ए, स्टँड उघडाय!" सोपान थांबला. बघतो तर साईड स्टँड खरंच खाली. पुढच्या वळणावर आडवाच झाला असता. त्यानं हात जोडले. म्हातारबा म्हणाले, "कुनाचं काय उघडं दिसलं की बेंबीच्या देठापासनं वरडावं. मानूस वाचतो."

सोपानला हे फार पटलं.

दुकानात पोहोचला. कुंदाचे मामा स्वागताला उठून उभे राहिले. सोपाननं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मामा, चेन उघडीय!"

सगळं दुकान वळलं. मामा जागच्या जागी थिजले. ऐकू गेलं नसेल म्हणून सोपान पुन्हा ओरडला, या वेळी बोट दाखवून. मामा जे खाली बसले ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. कुंदानं तोंडाला ओढणी लावली होती आणि तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात कॉफी आली. फेसावर पान काढलेलं. सोपाननं ते चमच्यानं अलगद काढून बशीत ठेवलं आणि पोऱ्याला म्हणाला, "झाकून ठेवत चला."

घरी आल्यावर कोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आरं, असलं वरडून सांगत्यात व्हय? जवळ जायाचं, कानाला लागायचं, हळूच सांगायचं."

"बरं."

मामा म्हणाले, हा मुलगा नको. पण कुंदा म्हणाली, "तोंडावर खरं बोलला. अजून एकदा भेटते. या वेळी बाबांना घेऊन जाते."

पुन्हा रविवार, पुन्हा मोटरसायकल. फाट्याच्या अलीकडं सोपानच्या पुढं एक जाडजूड गृहस्थ गाडीवरून चालले होते. त्यांचं उपरणं मागच्या चाकाशी लोंबत होतं. आता ओरडायचं नव्हतं, जवळ जायचं होतं. सोपाननं गाडी पळवली, त्यांच्या गाडीला गाडी भिडवली आणि कानाशी तोंड नेलं.

भर रस्त्यात खांद्यावर अनोळखी तोंड आलेलं पाहून त्या गृहस्थांनी देवाचं नाव घेतलं आणि हँडल सोडलं. दोन्ही गाड्या उसात गेल्या. उसात पडल्या पडल्या सोपान सरपटत त्यांच्याजवळ गेला आणि हळूच कानात म्हणाला, "तुमचं उपरणं चाकात जाईल."

ते केव्हाच गेलं होतं. ते गृहस्थ म्हणजे कुंदाचे वडील.

कोंडाबाईला रडू आलं. "लेकरा, तुज्या पाया पडते, सवताचं डोकं चालवू नगंस. समोरचा काय म्हनंल त्याला हो म्हन आन गप ऱ्हा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सोपान गाडी घेऊन इस्माईल मिस्त्रीकडं गेला.

"इंजिन खोलावं लागंल," मिस्त्री म्हणाला.

"हो."

"सीट बदलू? गुलाबी हाय माझ्याकडं."

"हो."

"ट्रकचा पोंगा बसवू?"

"हो."

मिस्त्रीच्या उभ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. चार दिवसांनी गाडी परत आली. गुलाबी सीट, ट्रकचा पोंगा, टाकीवर दोन कबुतरं. वाकडं हँडल मात्र तसंच होतं. त्याचं कुणी विचारलंच नव्हतं.

कोंडाबाई दारातच खाली बसली. "आरं मुडद्या, कुनी काय म्हनलं की लगीच हो म्हनू न्हाई! बघतो म्हनायचं. दोन ठिकानी इचारायचं. मंग ठरवायचं."

"बरं."

तिकडं कुंदाच्या घरी वडील दोन दिवस एक शब्द बोलले नव्हते. कुंदाच्या आईला लग्नापासून एवढी शांतता मिळाली नव्हती. तीच म्हणाली, "जा गं, भेटून ये. मुलगा गुणाचा दिसतोय."

तिसऱ्यांदा कुंदा एकटीच आली. खिडकीशी बसली. सोपान समोर बसला. कॉफीतल्या पानाकडं त्यानं या वेळी दुर्लक्ष केलं.

कुंदा म्हणाली, "आजवर जो आला त्यानं माझा पगार विचारला. तुम्ही मामांना त्यांची चेन सांगितली. मी त्या दिवशी जेवढी हसले तेवढी कधीच हसले नव्हते. मला तुम्ही पसंत आहात. तुमचं काय?"

नऊ वर्षं जे ऐकायला सोपानचे कान आसुसले होते ते त्यानं ऐकलं. त्याचे डोळे भरून आले. हो अगदी ओठांवर आलं. त्यानं ते आवंढ्यासकट गिळलं.

"बघतो," तो म्हणाला. "दोन ठिकाणी विचारून सांगतो."

आणि उठला.

पहिल्या टेबलावर एक पेन्शनर आणि त्यांची बायको बसली होती. "ती खिडकीतली मुलगी मला हो म्हणतेय. काय करू?"

दोघांनी चष्मे सावरून कुंदाकडं पाहिलं. "चांगली आहे की. करून टाका."

एक ठिकाण झालं. दुसऱ्या टेबलावर एक तरुण एकटाच बसला होता. त्यालाही सोपाननं सगळं सांगितलं. तरुणानं खिडकीकडं पाहिलं, खिशातून कंगवा काढला, केस नीट केले आणि उठून कुंदाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. सोपान शहाण्यासारखा त्याच्या खुर्चीत बसून राहिला.

कुंदानं त्या तरुणाला विचारलं, "तुम्ही किती ठिकाणी विचारता?"

"एकाही न्हाई," तो म्हणाला.

कुंदानं एकदा सोपानकडं पाहिलं. सोपाननं तिला लांबूनच मान डोलावली, सावकाश होऊ द्या म्हणून.

संध्याकाळी कोंडाबाई उंबऱ्यातच उभी होती. "काय म्हनली पोरगी?"

"हो म्हनली."

कोंडाबाईनं देवापुढं साखर ठेवली. "आन तू?"

"तू सांगितलंस तसंच केलं. लगीच हो म्हनलो न्हाई. दोन ठिकानी इचारलं. एका ठिकानी म्हनले, करून टाका."

"आन दुसरीकडं?"

"त्यो करतोय," सोपान म्हणाला. "बुधवारी साखरपुडा हाय. आपल्याला बोलावलंय."