उन्हात भिंत

डोंगरांनी ओंजळीत धरावं असं एक गाव होतं. त्या गावची एक मुलगी घरं बांधण्याची विद्या शिकायला दूरदेशी गेली होती. आपल्या गावात नव्या संसारांना जागाच मिळत नाही, असं तिच्या कानावर आलं आणि शिक्षण संपताच ती परत निघाली. वाटेत तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की कुणीतरी दुष्ट जमीनदार जागा अडवून बसला असणार. आपण त्याच्याशी भांडू, अख्खं गाव आपल्या मागे उभं राहील.

गावात येऊन बघते तर दुष्ट असा कुणी सापडेना. सापडले ते पापड! अंगणाअंगणात वाळत घातलेले पापड, कुरड्या, सांडगे आणि त्यांची राखण करत बसलेल्या प्रेमळ म्हाताऱ्या. जिच्या दारात जावं तिने हातावर एक सांडगा ठेवावा आणि म्हणावं, "किती वाळलीस गं!"

त्याचं असं होतं, की डोंगरांमुळे त्या गावात ऊन उशिरा उतरायचं आणि लवकर निघून जायचं. म्हणून जुन्या माणसांनी नियम घातला होता, 'कुणाच्या उन्हात भिंत घालू नये.' साहजिकच माडी बांधायला बंदी. एकीकडे नदी, तिन्हीकडे कडे. गावाला आडवं वाढायला जागा नव्हती आणि उभं वाढायला परवानगी नव्हती. दरवर्षी कुणी ना कुणी गाठोडं बांधायचं आणि घाट चढून कायमचं निघून जायचं.

यंदा पाळी होती तिच्या बालमैत्रिणीची. सासरी दोन खोल्या आणि चार जावा. तान्ह्या बाळाची झोळी टांगायलाही आढं मोकळं नाही.

"बाजाराच्या गाडीने जाणार आम्ही," मैत्रीण म्हणाली. "तू आलीस, मी चालले. बघ, तुझ्यासाठी जागा करून दिली!"

ती हसली खरी, पण हातातल्या गाठोड्याची गाठ तिला काही केल्या नीट बसेना.

मुलगी पेटून उठली. दारोदार फिरली, पंचांना भेटली, पारावर सभा बोलावली आणि कळकळीने म्हणाली, "निवारा हा प्रत्येकाचा हक्क आहे! नियम बदला, माडी बांधू द्या."

"खरंय गं बाई," एक म्हातारी म्हणाली. "पोरं गावातच राहायला हवीत. माडी हवीच. फक्त आमच्या आळीत नको, कुरड्यांना बुरशी येईल."

"वरच्या आळीत बांधा," खालच्या आळीतला तेली म्हणाला.

"का बरं? खालच्या आळीत काय वाघ आहे?" वरच्या आळीतून आवाज आला.

कासाराने तर नदीपलीकडची जागा सुचवली. पलीकडे मसणवट होती. "ऊन मात्र तिथे भरपूर," तो म्हणाला.

मुलगी चिडली. "म्हणजे घरं सगळ्यांना हवीत, पण दुसऱ्याच्या दारात!"

पाटीलबुवा इतका वेळ गालातल्या गालात हसत होते. ते म्हणाले, "पोरी, गावच्या मालकीची एक जागा आहे. तुझ्या घराच्या पूर्वेला. तुमच्या अंगणात ऊन यावं म्हणून आजवर मोकळी ठेवलेली. तिथे माडी बांधली तर खाली-वर चार संसार मावतील. बोल, चालेल?"

"तिथे नको!" तिच्या तोंडून निघून गेलं. "तिथून आमच्याकडे ऊन येतं. माझ्या आत्याचे गुडघे..."

पारावर असा हशा उसळला, की पिंपळावरचे पोपट उडून गेले.

"आता शोभलीस गं आमची लेक!" म्हातारी म्हणाली.

मुलगी लाजेने लाल झाली. पाटीलबुवांनी हात वर केला. "हसू नका रे. पोरी, उद्या सकाळी सांग. तू हो म्हणालीस तर आम्ही नियम मोडतो. नाही म्हणालीस तर हा विषय पुन्हा पारावर आणायचा नाही."

घरी आत्या अंगणात खाटेवर बसली होती. आईमागे तिनेच या मुलीला वाढवलं होतं.

"काय गं, मला विकून आलीस की वाचवून?" आत्याने विचारलं. सभेची बातमी मुलीच्या आधी घरी पोचली होती.

"अजून ठरलं नाही, आत्या. तूच सांग."

"मला विचारशील तर मी नाहीच म्हणेन. ऊन नसलं की माझे गुडघे कुरकुरतात." आत्याने गुडघ्यांवरून हात फिरवला. "पण तुझ्या त्या मैत्रिणीच्या बाळाला रोज मीच पायांवर घेऊन न्हाऊ घालते. ते गाव सोडून गेलं तरी कुरकुर व्हायचीच. गुडघ्यांत नसेल, एवढंच."

निजेपर्यंत मुलीने गावातल्या साऱ्या अंगणांचा विचार केला. आपलं तेवढं सोडून.

सकाळी डोळ्यांवर ऊन आलं आणि तिला जाग आली. तिची खाट खिडकीशी होती. तिला अभ्यासाला उजेड हवा म्हणून वडिलांनी दक्षिणेच्या भिंतीत ती खिडकी काढली होती. दुपार टळेपर्यंत तिथलं ऊन हलत नसे. ती उठून बसली. जगाच्या उन्हाचा हिशेब मांडला आपण, आणि आपल्याच तोंडावरचं ऊन दिसलं नाही!

ती खाट ओढू लागली.

"अगं, माडी बांधायच्या आधी घर पाडतेस की काय?" बाहेरून आत्या ओरडली.

"आत्या, आजपासून तुझी खाट या खिडकीशी. मी ओसरीवर."

"ओसरीवर माडीची सावली पडेल."

"पडू दे."

"आणि तुझी ती जाडजूड पुस्तकं?"

"दिवा लावून वाचेन."

आत्याने खिडकीतल्या उन्हात पाय लांब करून पाहिले. "ठीक आहे. पण माझे सांडगे?"

"माडीवर गच्ची काढू. तिथे ऊन आधी येईल आणि उशिरा जाईल. सगळ्या गावाने तिथे वाळवण घालावं."

"पहिली चटई माझी," आत्या म्हणाली.

मुलगी पाराकडे निघाली. वाटेत मैत्रिणीच्या दारात गाडी उभी होती. "गाठ सोड," तिने चालता चालताच हाक मारली. आणि पारावर पोचल्यावर दम घ्यायलाही न थांबता म्हणाली, "पाटीलबुवा, माझ्या उन्हात भिंत घाला."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: गावाकडे जागा मागणाऱ्याने आधी आपली खाट सरकवावी.