हौसाक्काच्या पानमळ्यात पाखरांची पंगत

तुम्ही महाराजांच्या मठाचे आवार भुंडे केलेत! होय, तुम्हालाच म्हणतो आहे, मठाच्या कारभारात खुर्च्या अडवून बसलेल्यांना. करंज पाडलात, भोकर पाडलीत, उंबराच्या खोडावर गुळगुळीत फरशी बसवलीत आणि कमानीवर लिहिलेत, 'महाराजांची कृपा'. कुठल्या महाराजांची? आमच्या येसाजीबुवांची तर नव्हेच. उत्सवात त्यांच्या साऱ्या लीला गाता, नेमकी हीच गाळता. का गाळता ते ऐकणाऱ्याला आपोआप कळेल. भाविकहो, सरसावून बसा!

श्री येसाजीबुवा महाराज त्या काळी वारणाकाठच्या आरळेवाडीत, घाटावरच्या ओवरीत राहत. अंगावर घोंगडी, हातात काठी, बाकी संसार नाही. गाव पानमळ्यांचे. नागवेल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिला चढायला जिवंत झाड लागते आणि डोक्यावर सावली लागते. म्हणून शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झाडे लावायची आणि वेल लव्हाळ्याने त्यांना बांधायची. मळ्यात पायतण घालून कोणी शिरत नाही. ती देवाची जागा!

या गावात हौसाक्का नावाची विधवा इनामदारांचा एक लहानसा मळा अर्धेलीने, निम्म्या वाट्यावर, कसत होती. रोज सकाळी पहिला विडा ती महाराजांना नेऊन देई. एकदा तिने विचारले, "म्हाराज, पाखरं बिया टाकत्यात. मळ्यात उंबर आलाय, भोकर आलीया, निंब तर कितीतरी. उपटू का?"

महाराज म्हणाले, "तू पेरलंस?"

"न्हाई जी."

"मग तू कशी उपटणार? ज्यानं पेरलं तो येईल, त्याला विचार."

झाले! हौसाक्काने तो शब्द पदरात बांधला. जे उगवेल ते राहू दिले, दाट झाले तिथे फांद्या छाटल्या, आणि वेल मिळेल त्या झाडावर चढवली. तिच्या मळ्यात एकासारखे दुसरे झाड दिसेना. कुठे पांगारा फुललेला, कुठे उंबर लगडलेला, कुठे शेवग्याला शेंगा, मध्येच एखादी तुती. पाने मात्र कोवळी, टपोरी, ताटाएवढी!

इनामदार भूपालराव यांना हे खपेना. त्यांचा स्वतःचा मळा बांधाला लागूनच. त्यात एकजात शेवरी. एक जात, एक उंची, दोरी धरून लावलेल्या रांगा. एके दिवशी ते हौसाक्काच्या मळ्यात आले ते थेट करकरीत वहाणांसकट! बरोबरचे गडी दचकले.

"अण्णासाहेब, पायतण..." हौसाक्का हात जोडून म्हणाली.

"हा पानमळा आहे होय? मला वाटलं मसणवट्यामागचं रान! रानात कोण वहाणा काढतं?" गडी फिदीफिदी हसले. "आमचा मळा बघ जरा. पलटण उभी असल्यासारखा दिसतो. आणि तुझा? जत्रा फुटल्यासारखा!"

"म्हाराजांनी सांगितलंय जी, उपटू नगंस."

"त्या घोंगडीवाल्यानं? मग आता त्याच्या शब्दावर वेल चढव! ऐक, अक्षय्य तृतीयेच्या आत हे सगळं मुळासकट निघालं पाहिजे. शेवरी लाव, नाहीतर मळा सोड."

दुसऱ्या सकाळी महाराजांनी विडा तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाले, "हौसे, आज चुना भाजतोय. लावताना हात का थरथरला?"

तिने रडत सारे सांगितले. मळा गेला तर ती कुठे जाणार होती? माहेर नाही, मूल नाही. त्या वेलीच तिची लेकरे. महाराज "बरं" एवढेच म्हणाले आणि चघळत राहिले.

चैत्र तापला. आणि एका सकाळी भूपालरावांच्या शेवरीवर अळी पडली! हिरवी, वळवळती, अगणित! शेवरीचा पाला बघता बघता संपला. पलटणीतला एक शिपाई पडला की सगळे पडले, कारण सगळे एकाच रक्ताचे. नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. सावली गेली, आणि नागवेलीची पाने त्या उन्हात पापडासारखी भाजली. भूपालरावांनी धूर केला, राख उधळली. काही उपयोग नाही! अळी बांध ओलांडून हौसाक्काच्या मळ्यातल्या चार शेवरींवर चढू लागली.

इनामदारांनी काय करावे? आपली चूक बघावी? छे! ते कुऱ्हाडीवाले गडी घेऊन तिच्या मळ्यात घुसले.

"तुझ्या जंगलातनंच ही पीडा आली! तृतीयेची वाट कोण बघतो? पाडा रे आधी तो उंबर!"

हौसाक्का उंबराला पाठ लावून उभी राहिली. "अण्णासाहेब, अळी तुमच्याकडनं आली, सारं गाव बघतंय!"

"तोंड वर करून बोलतेस? बाजूला हो!"

एवढ्यात काठी वाजली. महाराज! अनवाणी पावलांनी वेलींमधून वाट काढत ते आले आणि उंबराच्या बुंध्याशी मांडी घालून बसले.

"चालव कुऱ्हाड," ते गड्याला म्हणाले. गड्याने कुऱ्हाड खाली टाकली. "न्हाई जमायचं, देवा."

"मग थांबा घटकाभर. ज्यांनी ही झाडं पेरली, त्यांना जेवायला बोलावतो."

भूपालराव खदखदून हसले. "बोलवा, बोलवा! पत्रावळी मांडू का?"

महाराजांनी टाळी वाजवली आणि लेकरांना हाक मारावी तशी हाक मारली, "या रे, या! पान वाढलंय!"

आणि काय सांगू भाविकहो! पांगाऱ्यातून साळुंक्या उठल्या, भोकरीतून बुलबुल, निंबातून कोतवाल. भारद्वाज लाल डोळे वटारत झुडपातून बाहेर आला. पण तेवढ्याने भागते? वारणेपलीकडून थवेच्या थवे आले, आभाळ भरून आले, नुसता कलकलाट! जो तो आपापल्या ओळखीच्या फांदीवर उतरला. उंच बसणारा निंबावर, दाटीत लपणारा तुतीत, जमिनीवर टिपणारा खाली सावलीत. आणि सुरू झाली पंगत! अळीमागून अळी. लोक आ वासून बघत होते. सूर्य डोक्यावर येईतो मळ्यात औषधाला अळी उरली नाही, आणि नागवेलीच्या एकाही पानाला चोच लागली नाही. एकाही!

हौसाक्का हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम.

भूपालरावांचा चेहरा उतरला. अजून त्यांच्या मळ्यात थोड्या वेली हिरव्या होत्या. "महाराज," ते पहिल्यांदाच 'महाराज' म्हणाले, "माझ्याही मळ्यात बोलवा!"

महाराज लगेच उठले. राग नाही, टोमणा नाही. बांध ओलांडून त्या भाजलेल्या रांगांत उभे राहिले आणि तशीच मायेची हाक मारली. पाखरे आली! सगळी आली, डोक्यावर घिरट्या घालू लागली. एक साळुंकी शेवरीच्या टोकावर टेकली. काडी वाकली, ती घसरली, उडाली. दुसरी टेकली, तिचीही तीच गत. बुलबुल सावली शोधत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सावली नव्हतीच. घर नाही, आडोसा नाही, फळ नाही. थवा वळला आणि हौसाक्काच्या उंबरात जाऊन बसला.

"पुन्हा बोलवा, महाराज!"

"भूपाल, मी बोलावलं, ती आली. बसायचं कुठं त्यांनी? देव जरी आला असता तरी तुझ्या दारातून उभ्या उभ्या परत गेला असता."

 सगळ्या गावादेखत भूपालरावांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो. पदरात घ्या."

महाराजांनी पाय मागे घेतले. "मला कशाला सांगतोस? मला काय तोडायला आला होतास?"

इनामदार उठले, हौसाक्कासमोर गेले आणि वाकले. जन्मात कोणा गरिबापुढे न वाकलेली ती मान! हौसाक्काने अंग चोरले नाही. तिचा आवाजही कापला नाही.

"बेणं देते मी, अण्णासाहेब. माझ्या वेलीचं, लागंल तेवढं. पांगाऱ्याच्या फांद्या देते, भोकरीची रोपं देते. पर आधी ह्या सगळ्यांच्या देखत मला सांगा. तृतीयेला मी मळा सोडायचा का न्हाई? खाली बघू नगा. बोला!"