पंधरा दिवस टोचणारी घोंगडी

एका बाजारगावात विसूभाऊ हर्डीकर नावाचे गृहस्थ राहत. दुकानं दुसऱ्यांची, माल दुसऱ्यांचा. विसूभाऊ घरी बसून त्या मालाची पत्रं लिहीत. ती छापून दूरदूरच्या गावी जात. प्रत्येक पत्रासोबत उत्तरासाठी एक कोरं कार्ड असे. ज्याला माल हवा त्याने कार्डावर नाव लिहून विसूभाऊंच्या पत्त्यावर टाकायचं. पत्र छान झालंय असं कुणी म्हणालं की विसूभाऊ विचारीत, "कार्डं किती आली?"

त्यांचा एक नेम होता. स्वतः वापरल्याशिवाय ते कशावरही एक ओळ लिहीत नसत, आणि मालात जी खोड सापडेल ती पत्रात आधी लिहीत. गावातले बडे व्यापारी गुलाबशेठ यांच्या घोंगड्यांबद्दल लिहिण्याआधी ते महिनाभर घोंगडीवर झोपले, सकाळी अंग खाजवत उठले, आणि मग त्यांनी लिहिलं, "ही घोंगडी पहिले पंधरा दिवस टोचते. नंतर दहा वर्षं टोचत नाही." गुलाबशेठनी कपाळावर हात मारून घेतला. पण कार्डं इतकी आली की घोंगड्या विणणारे कमी पडले.

हा नेम एकदाच मोडला. गुलाबशेठनी केस वाढवणारं तेल काढलं होतं. विसूभाऊंना पुरतं टक्कल. तेल लावून बघायचं कुठे? शेठच्या शब्दावर विसंबून त्यांनी पत्र लिहिलं. तेल हातोहात गेलं, आणि तेलामागोमाग गिऱ्हाइकांचे केसही गेले. तेव्हा विसूभाऊंनी तेल घेतलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र घातलं, की मी न वापरता लिहिलं, चूक माझी. शेठचं नाव त्यांनी त्यात घातलं नाही. शेठनीही ते घाला म्हणून आग्रह धरला नाही.

पुढे विसूभाऊ वारले. पेठेने स्मृतिसभा ठरवली. गुलाबशेठ पेठेचे प्रमुख. ते म्हणाले, "बाहेरगावची दोनशे माणसं आली तर विसूभाऊंच्या नावाने वाचनालय बांधू. नाहीतर दुकानात फोटो लावू, तेवढ्याने भागेल." व्यापाऱ्याची भक्तीही अशी मापात असते. बोलावणं लिहायचं काम मोरेश्वरकडे आलं. तो वीस वर्षं विसूभाऊंच्या हाताखाली शिकलेला, आणि आता त्याचं पोट गुलाबशेठच्या कामावर चालत होतं. गुरूच्या नावाचं वाचनालय व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याने जीव ओतून लिहिलं. शब्दप्रभू झालं, वाणिज्यभूषण झालं, पुण्यात्मा झालं. काही शिल्लक ठेवलं नाही. ऐकताना शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचशे पत्रं गेली. कार्डं आली अकरा, त्यांतली सात नातेवाइकांची.

मोरेश्वर ती अकरा कार्डं पुढ्यात घेऊन बसला. विसूभाऊ असते तर त्यांनी एकच विचारलं असतं, "वापरून पाहिलंस का?" ज्यांनी विसूभाऊंच्या शब्दावर माल घेतला, वर्षानुवर्षं वापरला, त्यांच्यातल्या एकालाही न विचारता त्याने पत्र लिहून टाकलं होतं. त्याला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जुन्या पत्त्यांची वही घेऊन तो गावोगाव निघाला.

शब्दप्रभू कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण "टोचणाऱ्या घोंगडीचं पत्र लिहिणारे" म्हटलं की लोक घरात बोलावून चहा ठेवीत. एका गावी चंद्राबाई भेटल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी घट्ट ओढून घेतला होता. त्यांनी देव्हाऱ्याखालून एक जुनं पत्र काढलं. ते तेलाच्या माफीचं होतं.

"केस काय परत आलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "पर माझं चुकलं, असं आजवर मला कुणी लिवून दिलं न्हाई. नवऱ्यानं बी न्हाई. म्हणून ठेवलंय."

मोरेश्वर घरी आला आणि त्याने नवं पत्र लिहिलं. "विसूभाऊ हर्डीकर वारले. ते तापट होते. एका तेलाबद्दल त्यांनी न वापरता लिहिलं, आणि तुमच्यापैकी कित्येकांचे केस गेले. बाकी त्यांनी जे जे लिहिलं ते खरं की खोटं, हे तुम्ही वापरून पाहिलेलं आहे. त्यांची आठवण काढायला यायचं असेल तर कार्ड टाका. केस गेलेल्यांनीही यावं."

पत्र वाचून गुलाबशेठचा चेहरा उतरला. तेलाची गोष्ट पेठ कधीच विसरून गेली होती.

"मेलेल्या माणसाचे दोष कुणी छापतं का, मोरेश्वरा? तेलाची ओळ काढ."

"शेठ, तुमचं नाव नाही त्यात."

"नसू दे. ती ओळ राहिली, तर यापुढे माझं काम तुझ्याकडे येणार नाही."

मोरेश्वरच्या घरी पाच खाणारी तोंडं होती. त्याने लेखणी त्या ओळीवर टेकवली, थोडा वेळ तशीच धरली आणि उचलली.

"ओळ काढली तर मग हे पत्र विसूभाऊंचं राहत नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच्या खर्चाने पत्रं छापून टपालात टाकून आला.

कार्डं आली तीनशे बारा.

सभेच्या दिवशी माणसं बैलगाड्यांनी आली, मोटारींनी आली, काही चालत आली. कित्येकांच्या खांद्यावर तीच घोंगडी होती. गुलाबशेठ दारात उभं राहून स्वागत करत होते. चंद्राबाई त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. त्यांच्या हातात ते जुनं पत्र होतं.

"हे लिवणारा गेला म्हणं," त्या म्हणाल्या. "पर त्यानं तर नुसतं पत्र लिवलं हुतं. बाटलीवर फुलाचं चित्र हुतं, नाव न्हवतं. त्याल बनवणारा हाय का अजून?"

शेठनी मोरेश्वरकडे पाहिलं. मोरेश्वर शेजारीच उभा होता. त्याने ते सांगायचं काम शेठवरच सोडलं.

"आहे," शेठ शेवटी म्हणाले. "मीच तो. माझं चुकलं, बाई."

चंद्राबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"मग लिवून द्या," त्या म्हणाल्या.

शेठनी मोरेश्वरपुढे हात केला. मोरेश्वरने त्यांना कागद दिला, लेखणी दिली. मजकूर मात्र सांगितला नाही. जन्मभर दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्या शेठना दोन ओळी लिहायला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ सभा थांबून राहिली.

वाचनालय पुढच्या वर्षी उभं राहिलं. शेठची पत्रं मोरेश्वरच लिहीत राहिला.

तात्पर्य: ज्याने आयुष्यभर खरं सांगितलं, त्याची आठवणही खरीच सांगावी. स्तुती ऐकून लोक घरी जातात. कबूल केलेली चूक मात्र ते देव्हाऱ्यापाशी जपून ठेवतात.