हौशा बैलाने ट्रॅक्टर पसंत केला

बैलाच्या शब्दाला घरात मान होता, तेव्हाची ही गोष्ट. म्हाताऱ्या हौशाला आपल्या जागी डाळिंबाच्या अरुंद ओळींत मावेल असा छोटा ट्रॅक्टर निवडायचा होता. दाराशी दोन ट्रॅक्टर आले. हळुबा नव्या नियमाप्रमाणे धूर गाळून सोडायचा. गडगड्या किमतीने हलका, पण काळाकुट्ट धूर ओकायचा.

“नियम पाळतोय की नाही, ते इथं रानात बघायला कोण येतंय, काका?” गडगड्या म्हणाला.

हौशा रवंथ करत म्हणाला, “एकेक ओळ नांगरून दाखवा.”

जन्मभर हौशाच्या मागे चालत आलेले बगळे किडे टिपायला धावले. गडगड्यामागे उतरले, ठसकले, आणि उडून सगळे हळुबामागे डुलत चालू लागले.

“गडगड्या,” हौशा शेपटी उडवत म्हणाला, “बघणारे येऊन गेले की रे.”