कासरवण्याचा साकव आणि आवडू परबिणीची ओ

कासरवणे गावाच्या शिवेवर एक व्हाळ आहे आणि त्यावर माडाच्या खोडांचा जुना साकव आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की सारा गाव घरंदारं टाकून या साकवावरून पलीकडच्या माळावर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी म्हणून मागे राहत नाही. याला गावपळण म्हणतात. तीन दिवस गाव देवाचा, त्यात माणसानं पाऊल ठेवायचं नाही.

हल्ली ही गावपळण बघायला बाहेरची मंडळी येतात आणि साकवापाशी बुचकळ्यात पडतात. चांगले मिशा पिकलेले बाप्ये साकवाच्या अलीकडे थांबतात आणि हरवलेल्या पोरासारखे मोठ्यानं ‘आये’ म्हणून हाक मारतात. आई तिथेच असते, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. तीही साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ‘ओ’ देते. मग ते घर साकव ओलांडतं. पाहुणे हसू लागले की तातू घाडी त्यांना माळावरच्या फणसाखाली बसवतो. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराचा, त्यामुळे हसणाऱ्याला गप्प कसं करायचं हे त्याला चांगलं जमतं. तो जे सांगतो ते असं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावात आवडू परबीण नावाची एक म्हातारी होती. नवरा कधीच गेलेला, दोन मुलगे, गुणाजी आणि बाबल. दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा शेत वाटलं, माड वाटले, आणि आई काही वाटता येईना म्हणून तिची पाळी लावली. एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत थोरल्याकडे, मग पुढचा महिना धाकट्याकडे. दोघेही वाईट नव्हते हो. पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते काही उगीच नाही.

त्या वर्षी गावात पटकी आली. रोज कुणाच्या तरी दारात रडणं उठे. देवाला कौल लावला, पळण अवसेला ठरली. दिवस कलला की ढोल वाजेल, वाजला की निघायचं, असं ठरलं. नेमका तोच आवडूचा पाळी बदलायचा दिवस होता. तिनं सकाळीच थोरल्याच्या घरातून आपलं गाठोडं उचललं. बाबलचं तान्हं चेडू दोन दिवस दूध ठरू देत नव्हतं, त्याला उगाळून द्यायला मुरडशेंग हवी म्हणून ती सरळ धाकट्याकडे न जाता डोंगराच्या पलीकडच्या अंगाला चढली. दिवस कलेपर्यंत पुष्कळ वेळ आहे, असा तिचा हिशेब होता.

इकडे सकाळीच आणखी दोन माणसं गेली. गावकरानं, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यानं, वाट न पाहता ढोल वाजवायला सांगितलं. डोंगरापलीकडे तो ढोल पोचलाच नाही. साकवावर गावकरानं घरटी विचारलं, सगळे आहेत ना. गुणाजी म्हणाला, आहेत. त्याच्या लेखी आई गाठोडं घेऊन गेली म्हणजे धाकट्याची झाली. बाबल म्हणाला, आहेत. त्याच्या लेखी ती अजून दारात आली नाही म्हणजे थोरल्याचीच होती. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही. मग शिवेवर नारळ फुटला, साकवावर सूत बांधलं आणि वाट बंद झाली.

आवडू उतरली तेव्हा डोक्यावर ऊन होतं. पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं ते हे की आपल्यावर कुणाचं कुत्रं भुंकलं नाही. वाडीत कुठे मुसळाचा आवाज नव्हता. बाबलच्या दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं. चुलीतली राख अजून ऊन होती. वायनात, म्हणजे भुईतल्या उखळात, भात अर्धवट कांडलेलं होतं. आढ्याला पाळण्याची दोरी लोंबत होती आणि पाळणा नव्हता. तिनं सुनेला हाक मारली. स्वतःच्याच आवाजानं ती दचकली आणि मग तिला सगळं कळलं.

गुडघे धरून ती साकवापर्यंत आली. सूत दिसलं, फुटलेला नारळ दिसला, माळावरून वर चढणारा धूर दिसला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण नारळ फुटल्यावर जो शीव ओलांडतो तो रोगराई आपल्या पाठीवर घेऊन जातो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि हाक ऐकून तिकडून कुणी आलं तर तोही तीच घेऊन परतणार. पलीकडे चेडू होतं. म्हातारी बराच वेळ सुताकडे बघत राहिली आणि माघारी वळली.

रिकाम्या रानाचं भय वाटत नाही, म्हणतात, रिकाम्या घराचं वाटतं. रानात कुणी असायचंच नसतं. आवडूला प्रत्येक घरात वाटे की माणसं आत्ताच, आपण अंगणात पाय टाकताना, मागच्या दारानं उठून गेली. पाट मांडलेले तसेच. कुणाची अर्धी खाल्लेली भाकरी. ती चालली की मागून कुणी चालतंसं वाटे, ती थांबली की तेही थांबे. भर दुपारी, लख्ख उन्हात, तिच्या अंगावर काटा येई. पुढे पुढे तिला वेगळीच भीती वाटू लागली, की गाव आहे तिथेच आहे, सगळे आपापल्या घरात आहेत, आणि आपणच कुणाला दिसेनासे झालो आहोत.

ती कुणाच्या घरात टेकली नाही. थोरल्याकडची पाळी संपलेली, आणि धाकट्याकडे ‘ये’ म्हणायला कुणी नव्हतं. दोन्ही घरांच्या मधल्या पाणंदीत, गाठोड्याला टेकून ती बसून राहिली. मुठीत मुरडशेंगा होत्या. त्या वाळत चालल्या होत्या आणि तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

माळावर दुसऱ्या दिवशी दोघी जावा पाण्याला गेल्या, तेव्हा थोरलीनं विचारलं, म्हणे, “आये जेवली काय गे?”

धाकटी म्हणाली, “तुमच्याकडे नाय ती?”

दोघींच्या कळश्या तिथेच राहिल्या. गुणाजी आणि बाबल धावत गावकराकडे गेले. त्यानं देवाला कौल लावला, कौल डावा झाला. पुन्हा लावला, पुन्हा डावा. गावकर म्हातारा माणूस, तोच या दोघांपुढे हात जोडून रडायला लागला. बाबल साकवाकडे पळाला तेव्हा ज्यांची पोरं आजारी होती त्यांनीच त्याला धरून आणलं. त्यांना तरी काय बोल लावायचा.

आता याहून कठीण गोष्ट पुढे होती. तिसऱ्या दिवशी, घरी परतण्याचा कौल मागण्याआधी, साकवावर उभं राहून गावाला तीनदा विचारायची रीत आहे, आत कुणी माणूस आहे काय म्हणून. आतून काही उत्तर आलं नाही तरच पळण पुरी. माणसाचा आवाज आला तर सगळं फुकट, रोग गावातच राहिला असं धरायचं. हे विचारायचा मान त्या वर्षी परबांचा होता, म्हणजे गुणाजीचा.

गुणाजी साकवावर उभा राहिला. मागे सारा गाव उभा. त्यानं विचारलं, “गावात कोण माणूस आसा काय?”

पाणंदीत बसलेल्या आवडूनं तो आवाज ओळखला. तीन दिवसांत तिनं ऐकलेला तो पहिला माणसाचा आवाज, आणि तो पोटच्या लेकाचा. तिला काही मागायचं नव्हतं, फक्त एवढंच विचारायचं होतं, ‘चेडू कसां आसा?’ ते शब्द ओठांपर्यंत आले तसा तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेला गुणाजीचा आवाज फुटला, तो तिला ऐकू आला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. गाव गप्प राहिला.

कौल उजवा झाला. सूत तुटताच दोघे भाऊ ‘आये, आये’ करत धावत सुटले. ती पाणंदीतच होती. डोळे उघडे, श्वास चालू, मुलांकडे बघत होती. पण तिनं ओ दिली नाही. पाणी पाजलं, प्याली. घरी नेलं, गेली. नवस झाले, वैदू झाले. जगली तितकी वर्षं तिनं कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. तोंडातून आवाज म्हणून निघाला नाही.

पटकी मात्र गेली. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून काही जण सांगतात, बाबलचं चेडू वाचलं. तातू घाडी तसं सांगत नाही. तो सांगतो की चेडू पहिल्याच दुपारी गेलं होतं, म्हातारी साकवावरून माघारी वळली त्याच्याही आधी. आणि हे तिला सांगायचं धैर्य दोघा मुलांना कधी झालं नाही.

गावकरानं मग रीत घातली, की आईची ओ आल्याशिवाय कुणी साकव ओलांडायचा नाही. आईची पाळी लावायची नाही, असंही ठरलं होतं म्हणतात. ते काही टिकलं नाही. हाकेची रीत टिकली.

आजही पळणीच्या दिवशी साकवापाशी ती पाळली जाते. तातू घाड्याची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याच्या घराचा नंबर आला की तोही थांबतो, रिकाम्या गावाकडे तोंड करतो, ‘आये’ म्हणून हाक मारतो आणि ओ यायला लागेल तेवढा वेळ उभा राहतो. मागची माणसं त्याला घाई करत नाहीत.