अर्ध्या वाक्याची शिळा

एका राज्यात दुभाष्याने भर दरबारात ‘समजलं नाही’ म्हणायचं नाही, असा रिवाज होता. म्हटलं की पगडी उतरलीच. आणि परका नजराणा आला, तर तो आधी दुभाष्याच्या घरच्यांनीच उचलायचा.

विसाजीपंत तिथले इंग्रजीचे दुभाषी. हजार वाक्यं तोंडपाठ, पण लांब वाक्य आलं की गाडी चिखलात रुतायची. एकदा सातासमुद्रापलीकडचा जादूगार पेटी घेऊन आला नि एका दमात लांबलचक बोलला. पंतांना कळलं एवढंच, की आत रत्नहार आहे. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं.

“महाराज, हार आहे. स्वीकारावा,” ते म्हणाले.

त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने, सगुणेने, हार उचलला आणि ती जागच्या जागी शिळा झाली. अहो, तेच तर तो सांगत होता, की सूर्य मावळण्याआधी हात लावाल तर दगड व्हाल!

लोकांनी जादूगाराला शिव्या घातल्या. पंतांनी घालू दिल्या. सात वर्षं ते रोज दरबारातली शिळा धूत राहिले, मनातल्या मनात जळत राहिले. बायको झुरून झुरून गेली, तेव्हा कुठे त्यांनी जादूगाराच्या गढीची वाट धरली.

गढीच्या दाराला तीन अडसर, वर साळुंकी बसलेली.

“इंग्रजीत तीन वाक्यं बोल,” ती म्हणाली. “पहिलं एकाच गोष्टीचं. दुसरं दोन बरोबरीच्या गोष्टींचं. तिसऱ्यात एक गोष्ट दुसरीच्या आधाराने उभी राहावी. घोकलेलं चालणार नाही.”

“सूर्य पूर्वेला उगवतो.” अडसर ढिम्म हलला नाही.

“माझी मुलगी दगड आहे.” पहिला पडला.

“मी तिला रोज हाक मारतो आणि ती ओ देत नाही.” दुसरा पडला.

“जादूगार दुष्ट होता, म्हणून ती दगड झाली.”

“आधार पोकळ आहे,” साळुंकी म्हणाली.

पंत उंबऱ्यावर बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पुटपुटले, “पगडी जाईल अशी भीती वाटली, म्हणून मी अर्धंच सांगितलं.”

तिसरा अडसर पडला. आत काहीच नव्हतं.

“हेच आता दरबारात बोल,” साळुंकी म्हणाली.

पंतांनी दरबारात स्वतःच्या हाताने पगडी उतरवली आणि ते वाक्य उच्चारलं. शिळेला ऊब आली. हार हातात धरून सगुणेने विचारलं, “आबा, तो पुढे काय म्हणाला?”

“मला समजलं नव्हतं, बाळ.”

राजाने तो रिवाज तिथल्या तिथे मोडला आणि पंतांची पगडी त्यांना परत दिली. सगुणा तोवर बायकांच्या बैठकीकडे बघत होती.

“आबा, आई कुठंय?”

वाक्य एवढंसं. पंतांना ते पुरतं समजलं.