जयवंतीकाकींची टाकी

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध कारागीर राहत असत. होडीच्या मागे लावायची छोटी इंजिने दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. सारे गाव त्यांना मिस्त्रीबाबा म्हणे. बोलणे मोजके, हात स्थिर, आणि एकदा त्यांच्या हातून गेलेले इंजिन वर्षभर तरी परत येत नसे. त्यांच्यापाशी हरेश्वर नावाचा शिष्य सहा वर्षे विद्या शिकत होता. वय तिशीच्या पुढे, बुद्धी तल्लख, काम नीटनेटके. एकच उणीव होती. आपण अजून शिष्यच आहोत, हे त्याला हल्ली बोचू लागले होते.

त्या गावाच्या धक्क्यावरून पलीकडच्या तीरावर माणसे नेणाऱ्या दोनच होड्या होत्या. त्यांतली एक जयवंतीकाकींची. नवरा गेल्यावर त्यांनी सुकाणू स्वतःच्या हाती घेतले, त्याला वीस वर्षे झाली होती. पलीकडे बाजार होता, दवाखाना होता, मोठी शाळा होती, त्यामुळे सकाळच्या फेऱ्यांना होडी भरून जाई.

एके दिवशी काकी इंजिनाची टाकी घेऊन कारखान्यात आल्या. पत्र्याची जुनी टाकी ती. तळाला गंज चढून सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले होते आणि होडीत पेट्रोलचा वास येत होता. मिस्त्रीबाबांनी टाकी उजेडात धरली, बोटाने वाजवून पाहिली आणि शहरातून नवी मागवली. ती यायला आठ दिवस लागणार होते. त्याच दुपारी बाबा नातवाच्या बारशाला लेकीच्या गावी निघाले. निघताना त्यांनी हरेश्वरला बजावले की या टाकीचे छिद्र डाग देऊन किंवा आणखी कशाने बुजवायचे नाही, नवी येईपर्यंत काकींना आपल्याकडची प्लास्टिकची लहान टाकी वापरू द्यायची.

ती लहान टाकी दोन फेऱ्यांत रिकामी होई. चार दिवसांनी काकींनी जुन्या टाकीकडे बोट दाखवून सहज विचारले, "हीच चार दिवस चालेल असं काही होणार नाही का रे?" हरेश्वरला तेवढेच निमित्त पुरले. बाबा नसताना आपल्याच हाताने काम करून दाखवावे, असे त्याच्या मनात आले. पत्रा सांधायचे लुकण कपाटात होते. आतला गंज पूर्ण खरवडून काढावा आणि लुकण एक अख्खा दिवस वाळू द्यावे, असे त्याच्या डबीवर छापलेले होते. त्याने गंज वरवर खरवडला, लुकण थापले आणि दोन तासांत टाकी काकींच्या हाती दिली. छिद्र बुजले होते, वास थांबला होता. काकींनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला.

तिसऱ्या दिवशी भर ओहोटीत, अकरा उतारू घेतलेली होडी खाडीच्या मध्यावर बंद पडली. पाणी समुद्राकडे ओढत होते आणि खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. काकींनी वल्हे घेऊन होडीचे तोंड सावरून धरले, तरी होडी सरकतच राहिली. एका बाईच्या कडेवर तीन महिन्यांचे मूल होते. परतणाऱ्या एका मच्छीमार होडीने दोर टाकला म्हणून सारे धक्क्याला लागले. कुणाला इजा झाली नाही, पण माणसे भिजली होती आणि भेदरली होती. कुणीतरी हरेश्वरला बोलावून आणले.

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. तो टाकीवर वाकला. टाकीच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. इंजिन चालवण्यापूर्वी तो सोडावा लागतो, नाहीतर आत हवा जात नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. हरेश्वरच्या बोटांना तो स्क्रू लागला. तो सैल होता, नीट सोडलेला होता. त्याच क्षणी त्याला डबीवरची अक्षरे आठवली. मागे कुणीतरी म्हणत होते, "दुरुस्ती कुणी केली होती ही?"

हरेश्वर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "स्क्रू बंद होता. काकी सोडायला विसरल्या."

मग मूल घेतलेली बाई रडू लागली, आणि एक गृहस्थ म्हणाले की वय झाले की माणसाने थांबावे. काकी आपल्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. "मी सोडला होता, असं वाटतं मला," त्या हळूच म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, आणखी हळू, "काय जाणे बाबा. विसरलेही असेन."

हरेश्वरने ती टाकी कारखान्यात नेली, दार ओढून घेतले आणि आतले पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळले. फडक्यावर गंजाचे पापुद्रे उतरले, आणि त्यांच्यासोबत मऊ पडलेल्या लुकणाचे करडे गोळे. त्यांनीच नळीचे तोंड बंद केले होते. आता शंकेला जागा उरली नाही. त्याने फडके धुतले, पुन्हा धुतले, आणि त्या दिवशी जेवायला घरी गेला नाही.

दोन दिवसांनी मिस्त्रीबाबा परतले. धक्क्यावरची हकिगत त्यांच्या कानी वाटेतच पडली होती. कोपऱ्यातली जुनी टाकी त्यांनी उचलली, तळावर अंगठा फिरवला आणि एवढेच विचारले, "किती वेळ वाळू दिलं होतंस?"

"दोन तास," हरेश्वर म्हणाला. मग खाली मान घालून त्याने उरलेले सगळे सांगितले. स्क्रू सोडलेला होता, हेही सांगितले. बाबा रागावतील अशी त्याची अपेक्षा होती, किंबहुना तशी इच्छाच होती. बाबा रागावले नाहीत. नवी टाकी आली होती. दोघांनी मिळून इंजिन आतून स्वच्छ केले, नवी नळी जोडली, पाण्याच्या पिंपात इंजिन तासभर चालवून पाहिले आणि होडीवर चढवले.

काम संपल्यावर हरेश्वर म्हणाला की आज संध्याकाळी काकींच्या घरी जाऊन मी त्यांची क्षमा मागतो. त्यावर बाबा म्हणाले, "त्यांच्या घरी जाऊ नकोस." कारण त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी आणखी एक नवल आरंभले. गेली कित्येक वर्षे त्यांनी पलीकडचा तीर पाहिला नव्हता. आता ते रोज सकाळी धक्क्यावर जात, जयवंतीकाकींच्या होडीत बसत, पलीकडे जाऊन त्याच होडीने परत येत. पलीकडे त्यांचे काहीही काम नव्हते. नव्या टाकीची परीक्षा चालली असेल, असे हरेश्वरला वाटले. पण टाकीला ते बोटही लावत नसत, असे पाहणारे सांगत.

तिसऱ्या दिवशी हरेश्वरला राहवेना. गुरूचा शब्द मोडून तो काकींच्या अंगणात जाऊन उभा राहिला. काकी तिसऱ्यांचे शिंपले निवडत बसल्या होत्या. त्याने उभ्याउभ्याच सगळे सांगून टाकले. काकी हातातले काम थांबवून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारले, "म्हणजे स्क्रू सोडलेला होता?"

"हो, काकी."

त्यांनी डोळे मिटले. मग सांगितले की त्या दिवसापासून रोज चार-चार वेळा त्या स्क्रूला हात लावून बघतात. घरातून निघताना चूल विझवली की नाही, हे पाहायला वाटेतून परत येतात. आपल्याच हातांचा भरवसा वाटेनासा झाला होता. एवढे बोलून त्या उठल्या, त्याला तांब्याभर पाणी दिले आणि म्हणाल्या, "झालं ते झालं. तूही पोराबाळांचा माणूस आहेस. मनाला लावून घेऊ नकोस."

हरेश्वर परतला तेव्हा अंगावरचे ओझे उतरल्यासारखे त्याला वाटत होते. त्या रात्री त्याला झोप लागली. बाबांनी जायला का मना केले असावे, याचे त्याला आश्चर्यच वाटले.

सकाळी तो मुद्दाम धक्क्यावर गेला. दुसरी होडी माणसांनी गच्च भरली होती. टोपल्या घेतलेल्या कोळणी, दवाखान्याला निघालेली माणसे, शाळेचे मास्तर, सारे तिच्यात दाटीवाटीने बसले होते, आणि न मावलेले तिच्या पुढच्या फेरीची वाट पाहत उभे होते. जयवंतीकाकींच्या होडीत मिस्त्रीबाबा एकटे बसले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी कुणी हसत म्हणाले, "काकी, आज आठवणीनं स्क्रू सोडलात ना?" बाकीचे हसले. काकीही थोडे हसल्या आणि दोर सोडू लागल्या.

हरेश्वर जागच्या जागी थिजला. आता त्यांना सत्य ठाऊक होते. एका वाक्यात त्या सगळ्यांची तोंडे बंद करू शकत होत्या. त्या बोलल्या नाहीत, कारण बोलल्या असत्या तर याच माणसांनी उद्यापासून हरेश्वरच्या हाती आपली इंजिने दिली नसती. त्याने त्यांचे नाव घालवले होते, आणि त्या त्याचे नाव राखत होत्या. काल अंगणात वाटली नव्हती इतकी लाज त्याला आता वाटली. कालच्या त्या सुखाच्या झोपेचीसुद्धा वाटली.

होडी परत येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. बाबा उतरताच तो त्यांच्याजवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, मी काल त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी क्षमा केली."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "आज त्यांनी स्क्रूला एकदाच हात लावला." मग ते धक्क्याच्या कठड्याला टेकले. "क्षमा त्या करणारच होत्या. त्यांचा स्वभाव तुलाही ठाऊक होता, म्हणूनच तुला तिकडे जायची घाई होती. अरे, अंगणात सांगितलंस ते एका माणसाने ऐकलं. इथे सांगितलंस ते साऱ्या गावाने ऐकलंय. घरी जाऊन तू हलका झालास, त्यांची होडी मात्र रिकामीच राहिली. सहा वर्षांत मी तुला इंजिन शिकवलं, हे शिकवायचं राहून गेलं. म्हणून मी या होडीत बसतोय. त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे, हे लोकांना दिसावं एवढंच मला करता येत होतं. उरलेलं माझ्या तोंडून बोलण्यासारखं नव्हतं."

जा आणि सांग, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

पुढच्या फेरीची माणसे पुन्हा दुसऱ्या होडीकडे सरकत होती. हरेश्वर धक्क्याच्या कडेला गेला, त्या दिवशी जिथे उभा होता तिथेच. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ऐका जरा. त्या दिवशी स्क्रू उघडाच होता. काकी विसरल्या नव्हत्या. टाकी मी घाईने बुजवली होती, त्यानं नळी तुंबली आणि होडी बंद पडली. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोललो."

ज्यांनी वयाची गोष्ट काढली होती ते गृहस्थ पाण्याकडे पाहू लागले. एका होडीवाल्याने शांतपणे सांगितले की माझे इंजिन तुझ्याकडे खोलून पडले आहे, ते आता बाबांनीच जोडावे. हरेश्वरने मान डोलावली. त्या दिवशी मूल कडेवर घेतलेली बाई गर्दीत होती. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि ती नजर त्याला शब्दांपेक्षा जड गेली. मग ती वळली आणि मुलाला सावरत जयवंतीकाकींच्या होडीत जाऊन बसली. तिच्या मागून एका कोळणीने आपली टोपली आत ठेवली. मास्तरही चढले.

काकींनी हरेश्वरकडे पाहिले नाही. त्यांनी पदर खोचला, इंजिनाची दोरी ओढली, आणि भरलेली होडी संथपणे पलीकडे निघाली.

मिस्त्रीबाबा कारखान्याकडे चालू लागले होते. हरेश्वर त्यांच्या मागोमाग निघाला. लोक पाहत होते, आणि आता काही दिवस तसेच पाहणार होते, हे त्याला कळत होते. लाज तसूभरही कमी झाली नव्हती. पण जी दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवली होती, ती आज त्याने स्वतःच्या घरी परत आणली होती.